अंगठ्याला वाजली थंडी

सोमवारी सकाळी दीड तास रांगेत उभी राहिले आणि रेशन दुकानातल्या त्या वीतभर यंत्रानं मला ओळखच दाखवली नाही. लग्नात एखादी चुलतसासू समोरून येते, आपण हसायच्या बेतात असतो आणि ती नेमकी मागच्या बाईशी बोलायला लागते, अगदी तसं. अंगठा ठेवला, लाल दिवा. पदराला पुसून ठेवला, लाल दिवा. गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला, "नाळे बर्री." म्हणजे उद्या या. पोरगा आमच्याच गल्लीतला. घरी आईशी मराठीत भांडतो, पण त्या खुर्चीत बसला की त्याला फक्त कन्नड येतं.

दोष थंडीचा. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात डिसेंबरात मलप्रभेवरून धुकं चढतं ते उन्हं वर येईतो समोरचं घर दिसू देत नाही. त्यात सुगी. भाताची कापणी, मळणी, पिंजर उचलणं आणि वर गार पाण्यात भांड्यांचा ढीग. माझ्या उजव्या अंगठ्यावर तीन उभ्या भेगा आहेत आणि एक आडवी; आडवी विळीची. आजी म्हणायची, दहा बोटांवर दहा चक्रं असली की माणूस राजा होतो. माझी सहा चक्रं, चार शंख. म्हणजे निम्म्याहून जास्त मी राणी. यंत्राला त्यातलं एकही चक्र दिसलं नाही.

मंगळवारी तात्या भेटले. कानटोपी, तिच्यावर मफलर, त्यावर घोंगडं. मधून फक्त नाक आणि सल्ला बाहेर येत होता.

"वैनी, असं नव्हं दाबायचं. मुंगी मारूलालाय काय? जरा मायेनं ठेवा की."

मायेनं ठेवला. लाल.

"गार पडलंय ते. काखेत धरा."

भर रांगेत, पंधरा माणसांसमोर, मी अंगठा काखेत धरून उभी राहिले. तात्यांनी मनातल्या मनात वीस आकडे मोजले आणि मान हलवली. लाल.

"आता केसातनं फिरवा. टाळूवर. तेल लावलंय न्हवं सकाळी?"

नव्हतं लावलं. तात्यांनी असा सुस्कारा सोडला की जणू मी नवरात्रात कांदा खाल्लाय. मग मागच्या एका बाईला त्यांनी विचारलं, "तू लावलंयस काय गं?" ती हो म्हणाली. तिच्या डोक्यावर माझा अंगठा घासायचा की नाही यावर रांगेत दोन तट पडले. एक जण म्हणाला, त्यानं तिचा ठसा माझ्या अंगठ्यावर येईल आणि तिचा तांदूळ माझ्या घरात. ती बाई लगेच दोन पावलं मागं सरकली. तात्यांनी माझा हात उन्हात धरून नाडी बघावी तसा बघितला, भेगांवरनं नख फिरवलं आणि निदान सांगितलं: "रेघा हायत. पण झोपल्यात."

मी चिडून विचारलं, "तात्या, तुमचा नंबर कितवा?"

"माझा कुठला नंबर? माझं रेशन सूनबाई नेते."

त्यांनी स्वतःचा अंगठा पुढं केला. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. वीटभट्टीवर आणि कौलांच्या कारखान्यात आयुष्य गेलं, ओली माती आणि भाजलेली वीट यांच्यात रेघा केव्हाच गेल्या. तीन वर्षं हिरवा दिवा लागलेला नाही. तरी रोज सकाळी येतात. घरी अंगणात ऊन उशिरा येतं, दुकानाच्या कट्ट्यावर लवकर.

दुकानाच्या पाटीवर 'न्याय बेले अंगडी' असं लिहिलंय. बेले म्हणजे दर. न्याय दरापुरता आहे, अंगठ्याचं कुणी काही लिहिलेलं नाही. माझ्यानंतर एक गृहस्थ आले, हात असे मऊ की चहाचा कपसुद्धा बायकोनं उचलून दिला असावा. टिंग. हिरवा. अन्नभाग्य, म्हणजे कर्नाटक सरकारची रेशनवर तांदूळ द्यायची योजना, २०१३ साली सुरू झाली ती उपाशी राहू नये कुणी म्हणून, असं ऐकतो. मग ज्याच्या हातानं भात कापला त्यालाच परत का पाठवायचं, हे त्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "सर्वर स्लो ऐती."

बुधवारी कळलं की ओटीपीवरही मिळतं. आमचा नंबर नवऱ्याचा, आणि नवरा गोव्यात हॉटेलात. पोरानं नंबर पाठवला, मी फोन लावला, रिंग जातेय, उचलत नाही. रात्री अकराला त्यांचा फोन: "सकाळी कसला तरी सहा आकडी नंबर आलता. फसवणूकवाले असतील म्हणून पुसून टाकला." कौतुकाची अपेक्षा होती आवाजात.

गुरुवारी बेळगाव. बोटांचे ठसे नव्याने घेतात म्हणे. बस फुकट, २०२३ पासून बायकांना तिकीट शून्याचं मिळतं, तेवढं बरं. कंडक्टरनं त्यासाठी आधार कार्ड मागितलं. त्यानं फोटो बघून लगेच ओळखलं, हे नमूद करते. बेळगावात अधिवेशन. २०१२ ला सुवर्णसौध, म्हणजे इथली विधिमंडळाची इमारत, उभी राहिल्यापासून थंडीत सरकार इकडं येतं आणि आमच्या कामाची माणसं तिकडं जातात. खिडकीवर एकच शिपाई. "साहेब बंदोबस्तात. सोमवारी या." मी म्हटलं, रेशन शनिवारी बंद होतंय. तो म्हणाला, "मग पुढच्या महिन्यात." सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तेव्हा माझ्या अंगठ्यानं चार दिवसांत घाई करू नये हेही खरंच. कुंदा घेऊन परत आले. येताना रागानं निम्मा बसमध्येच खाल्ला.

शुक्रवारी सासूबाईंनी कोकमाच्या तेलाचा पांढरा गोळा निखाऱ्यावर धरला, वितळलेलं तेल भेगांमध्ये भरलं. चरचरलं. सकाळी अंगठा यंत्रावरून साबणासारखा घसरला आणि काचेवर डाग पडला. पोरगा त्या दिवशी पहिल्यांदा मराठीत बोलला. काय बोलला ते लिहीत नाही.

शनिवारी तात्या म्हणाले, "दहा बोटं दिल्यात देवानं. एकाच्याच मागं काय लागलाय?" एकेक बोट ठेवत गेले. नऊ वेळा लाल. शेवटी डाव्या हाताची करंगळी ठेवली. तिनं जन्मात काही काम केलेलं नाही. टिंग.

रांगेनं टाळ्या वाजवल्या, तात्यांनी त्या स्वतःकडं घेतल्या. जाताना बजावलं, "वैनी, म्हैनाभर ती पाण्यात घालू नका."

संध्याकाळी मी भांडी घासत होते, डावी करंगळी जपून वर धरलेली. सासूबाई दारातून बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अगं, मग जाऊन ये की. धरून कशाला बसलीस?"