पोरं फौंड्रीत का येत नाहीत?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कुठल्याही कारखानदाराशी पाच मिनिटं बोला, गाडी तिथंच येऊन थांबते: माणसं मिळत नाहीत. गेटवर 'कामगार पाहिजेत'चे बोर्ड बारमाही लटकलेले असतात. आणि तिथून दहा-पंधरा किलोमीटरवरच्या गावांत आयटीआय, डिप्लोमा झालेली पोरं कट्ट्यावर बसून असतात, नाहीतर भरतीच्या अकॅडमीत पहाटे पळत असतात. मी या पट्ट्यात फौंड्रीच्या, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्याच्या, क्वालिटी विभागात बरीच वर्षं काढली, आता मशीनिंगचं छोटं युनिट चालवतो. दोन्हीकडून बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय. कोल्हापुरात माणसांचा दुष्काळ नाही. आपण जी नोकरी देऊ करतोय ती पोरांनी नाकारली आहे, आणि पूर्ण विचार करून नाकारली आहे.

हे मला लागतं, कारण हा उद्योग कुणी बाहेरून आणून इथं ठेवलेला नाही. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कापड गिरणी काढली, पुढं राधानगरीच्या धरणाचं काम हाती घेतलं. पाणी आलं, ऊस वाढला, उसाबरोबर चरक, पंप, ऑइल इंजिन यांची गरज आली. ती भागवली उद्यमनगरातल्या सुतार-लोहारांनी आणि म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी. यंत्र खोलायचं, बघायचं, लाकडात पॅटर्न (नमुना) कोरायचा, वाळूत साचा बसवायचा आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. आज इथल्या शेकडो फौंड्र्यांतून निघणारं कास्टिंग (ओतलेले भाग) ट्रॅक्टर, ट्रक आणि पंपांत बसून देशभर आणि परदेशातही जातं. ओतकामात भारत जगात चीनच्या खालोखाल आहे आणि त्यात कोल्हापूरचं नाव कोइम्बतूर, राजकोट, बेळगावच्या बरोबरीनं घेतलं जातं. हे सगळं उभं राहिलं ते बापाकडून पोराकडं, मेस्त्रीकडून हेल्परकडं गेलेल्या हुनरावर. आता मेस्त्रीचा पोरगाच म्हणतो, "दादा, काहीपण सांगा, फौंड्रीत नको."

त्याचं ऐकून तरी घेऊया. भट्टीतून बीड चौदाशे अंशांच्या आसपास ओतलं जातं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली त्या लॅडलजवळ (वितळलेलं बीड ओतायच्या भांड्याजवळ) उभं राहणं काय असतं, हे ऑफिसात बसून कळत नाही. त्याहून वाईट जागा म्हणजे फेटलिंग. तिथं कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि कडा ग्राइंडरनं काढतात. दिवसभर हात थरथरत असतो आणि नाकातोंडात बारीक सिलिकाची धूळ जाते. ही धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात साठत गेली की माणसाला धाप लागायला लागते आणि ती परत जात नाही. सिलिकोसिसवर उपचाराने बरं होणं नाही, तो फक्त टाळता येतो. धूळ ओढून घेणारी यंत्रणा, नीट बसणारा मास्क, दरवर्षी छातीची तपासणी, एवढं केलं तर टळतो. काही फौंड्र्यांनी हे मनापासून केलंय, तिथं आत गेल्यावर फरक लगेच जाणवतो. पण ज्या शेडमध्ये आजही तोंडाला रुमाल बांधून काम चालतं, तिथं मी माझ्या पोराला पाठवणार नाही. मग दुसऱ्याच्या पोरानं यावं ही अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

त्यात ती नोकरी कंपनीची नसतेच, ठेकेदाराची असते. बारा तासांची शिफ्ट, ओव्हरटाइमचा दर दुप्पट असायला पाहिजे तो साध्या दरानं, पीएफ कापला जातो की नाही याचा पत्ता नाही, आणि दहा वर्षं काढली तरी मोल्डर (साचे बनवणारा) हा मोल्डरच. काल लागलेल्या आणि दहा वर्षांपूर्वी लागलेल्या माणसाच्या पगारात फारसा फरक नाही. पोरगं हिशेब करतं. तेवढ्याच पैशात शहरात पार्सल पोचवता येतात, अंगाला काळं लागत नाही. लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे पहिला प्रश्न 'परमनंट आहे का' हाच विचारतात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, तेव्हा आपल्याकडं अनेकांनी पोरांना नावं ठेवली. मला त्यात आळस दिसला नाही. महिन्याच्या महिन्याला पगार, ठरलेले तास, आजारपणाची रजा आणि गावात मान, एवढंच ती मागत होती.

मग भट्ट्या चालतात कुणाच्या जिवावर? बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशातून आलेल्या माणसांच्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती गावाकडं निघाली आणि शिरोलीतली कितीतरी खाती नुसती उभी राहिली. तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता आपण काहीतरी शिकू. सहा-आठ महिन्यांत माणसं परत आली आणि विषय मागं पडला. परप्रांतीय विरुद्ध स्थानिक असं भांडण मला लावायचं नाही. ती माणसं दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सहाजण राहून आपला उद्योग चालवताहेत, त्यांचे उपकारच आहेत. पण ज्या अटींवर ती राबतात त्या अटी त्यांच्यासाठीही चुकीच्याच आहेत. सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिकांना घ्यावं ही सरकारी अट जुनी आहे, पण नोकरी धड नसेल तर नुसत्या टक्केवारीनं कोण येणार?

कारखानदाराची बाजूही खोटी नाही. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते, आणि शेजारच्या कर्नाटकात वीज स्वस्त. म्हणून तर इथले उद्योजक सीमेपलीकडं जायची भाषा अधूनमधून करतात. पिग आयर्नचा (कच्च्या लोखंडाचा) भाव वरखाली होतो, मोठी कंपनी मात्र किलोचा दर वाढवून देत नाही. लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत मिळावेत असा कायदा २००६ पासून आहे, पण माझं बिल एका मोठ्या ग्राहकाकडं चार-चार महिने पडून राहिलेलं आहे आणि कायदा दाखवला तर पुढची ऑर्डर जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, माल दोन्ही बाजूंना अडकला, तो तोटा ज्याचा त्यालाच सोसावा लागला. हे सगळं मान्य. पण वरचा सगळा दाब शेवटी जाऊन बसतो तो फेटलिंगवाल्याच्या पगारावर, हे मला मान्य नाही. आता तर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातले दिवसाचे तास ९ वरून १२ पर्यंत न्यायला मंजुरी दिली. तास वाढवून पोरं येतील असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा गावच्या कट्ट्यावर जाऊन विचारावं.

मला आशा वाटते ती एका गोष्टीमुळं. आपण एकत्र येऊन करायला शिकलोय. शिरोलीतल्या क्लस्टरमध्ये, म्हणजे उद्योगांच्या सामायिक केंद्रात, वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करण्याची सोय झाली. एकट्याला न परवडणारी गोष्ट सगळ्यांनी मिळून उभी केली. वाळूसाठी जमतं, तर माणसांसाठी का जमू नये? कोइम्बतूरला पीएसजी या संस्थेच्या आवारात तंत्रमहाविद्यालय आणि प्रत्यक्ष माल बनवणारा कारखाना शेजारी शेजारी आहेत. शिकणाऱ्या पोराला चालू भट्टी वर्गाइतकीच जवळ. आपल्याकडं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन-फिटरला गर्दी आणि ओतकामाच्या ट्रेडकडं कुणी फिरकत नाही. एका फौंड्रीनं पोरगं शिकवलं तर शेजारचा हजार रुपये जास्त देऊन पळवतो, म्हणून कुणीच शिकवत नाही. सगळ्या संघटनांनी मिळून एकच केंद्र चालवलं, खर्च वाटून घेतला आणि मोल्डर ते मेस्त्री ते सुपरवायझर अशा पायऱ्या आणि त्यांचे किमान पगार सगळ्यांनी सारखे ठरवले, तर पळवापळवीला अर्थच उरणार नाही. सरकारची युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, महिन्याला सहा ते दहा हजार विद्यावेतन मिळालं, चांगलं झालं. पण मुदत संपल्यावर पोरगं पुन्हा घरी बसलं तर त्या पैशांनी उद्योगाचं काय भलं झालं?

आणि बायकांचा विचार कुणी मोकळेपणानं करतच नाही. कोअर शॉपमध्ये, म्हणजे कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे बनवतात त्या खात्यात, आसपासच्या गावांतल्या बायका वर्षानुवर्षं काम करताहेत. हात इतका नेमका की रिजेक्शन आलं तर आधी मोल्डिंगकडं बघायचं, कोअरकडं नंतर, हा माझा क्वालिटीतला अनुभव आहे. सीएनसी, व्हीएमसी ही संगणकावर चालणारी यंत्रं, तपासणी, पॅटर्नचं संगणकावरचं डिझाइन, ही सगळी कामं त्या आणि त्यांच्या मुली करू शकतात. अडतं कुठं? संध्याकाळी सातनंतर एमआयडीसीतून गावाकडं जायला भरवशाची बस नाही, आतल्या रस्त्यांवर दिवे नाहीत, कितीतरी युनिटांत बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, तान्ह्या मुलाला ठेवायला जागा नाही. यातलं एकही काम भट्टी बदलण्याइतकं खर्चिक नाही.

उशीर करायला वेळही फार नाही. आपलं बरंचसं कास्टिंग इंजिनाभोवती फिरतं: ब्लॉक, हेड, फ्लायव्हील. विजेवरच्या गाडीला इंजिन ब्लॉक लागत नाही. ट्रॅक्टर आणि मोठे ट्रक बदलायला वेळ घेतील, पंप-व्हॉल्व्हचं काम राहील, पण हलकं, पातळ, जास्त अचूक काम करावं लागेल आणि त्याला शिकलेली, टिकून राहणारी माणसं लागतील. दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या ठेक्याच्या टोळीकडून ते होणार नाही.

दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे प्रवेश सुरू होतात. त्याआधी शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या संघटनांनी एकत्र बसून निदान एवढं जाहीर करावं: ओतकामाचा ट्रेड पास झालेल्या पोराला किंवा पोरीला पहिल्या दिवसापासून कंपनीच्या हजेरीपटावर घेऊ, आठ तास, पगार अमुक, तीन वर्षांनी अमुक. आकडा लिहून, सह्या करून, गावागावांतल्या हायस्कुलांत लावावा. माझं युनिट छोटं आहे, पण माझी सही पहिल्या पानावर घ्या. ज्यांना हे पटतं त्यांनी खाली आपल्या युनिटचं नाव लिहावं, ज्यांना पटत नाही त्यांनी कारण लिहावं. कामगार मित्रांनीही लिहावं, त्यांचं आधी वाचणार आहे.