तंबूतली नगरपालिका

शहराजवळच्या कॅम्पच्या जाहिरातीत काय आहे यापेक्षा काय नाही याचंच कौतुक जास्त असतं. वीज नाही, नळ नाही, नेटवर्क नाही. घरी यातलं एक जरी तासभर गेलं तरी आपण तक्रारीचा फोन फिरवतो. इथे सगळं एकदम गेलेलं असतं आणि त्याचे पैसे आगाऊ भरायचे असतात.

"दाजी, एकदा सगळ्या तारा तोडून राहून तर बघा," मेव्हणा म्हणाला. तोडल्या. तासाभरात उमगलं की ज्याच्या तारा तुटतात त्याला स्वतःच नगरपालिका व्हावं लागतं. पाणीपुरवठा माझ्या गळ्यात पडला, वीज मेव्हण्याने हौसेने घेतली आणि आरोग्य खातं आपसूक बायकोकडे गेलं, कारण घरात नाक तिचंच तिखट.

२० लिटरचा कॅन २० किलोचा असतो हे शाळेत पाठ केलं होतं, पण खांद्याला ते चढावरच पटलं. गाडी खाली थांबते, तंबू वर. घरचा साधा फ्लश एका दमात ६ लिटर पाणी ओततो, म्हणजे हा आख्खा कॅन जेमतेम तीन वेळा साखळी ओढण्याइतका. हा हिशेब डोक्यात शिरल्यापासून मी बदललो. बायको ताट विसळायला लागली की शेजारी जाऊन उभा राहू लागलो. "तेवढ्यात दोन पेले निघाले असते," एवढंच म्हणालो, तर तिने ताटच माझ्या हातात दिलं.

संडास कोरडा होता. लाकडी खोपटं, आत बैठक, खाली पिंप, बाजूला लाकडाच्या भुशाची बादली आणि तीत एक डबा. काम झालं की वरून भुसा टाकायचा. भुसा ओल शोषतो, ढिगात हवा खेळती ठेवतो आणि पुढचं काम जिवाणू बिनपगारी करतात. खरं सांगतो, वास फारसा नव्हता; चकचकीत फरशांचे याहून भयानक संडास मी पाहिलेत. अडचण वेगळीच होती. दाराला कडी नव्हती. तेव्हा आत बसलेल्याने अधूनमधून खोकायचं, असा ठराव झाला. संध्याकाळ होईतो सगळ्या कॅम्पात हीच पद्धत रुळली आणि मग पलीकडच्या तंबूत कुणाला खरोखरचा ठसका लागला तरी इकडे लोक पोट धरून अदबीने थांबायला लागले.

वीज खात्याबद्दल थोडक्यात. मेव्हण्याने १०० वॅटचं सौर पॅनेल आणलं होतं आणि त्यावर चालवायला विजेची किटली. किटलीवर १५०० वॅट असं छापलेलं होतं. शिवाय पॅनेलचे १०० वॅट हे चाचणीतले, भर उन्हाचे. आमचं पॅनेल झाडाखाली होतं, कारण मेव्हणाही झाडाखाली होता. फोन तर कुणाशी न बोलताच मेले. रेंज अंधूक असली की फोन टॉवरला गाठायला आणखी जोर लावतो आणि त्यातच बॅटरी संपवतो.

आता रात्र. आकाश किती काळं आहे हे मोजायला जॉन बॉर्टल या हौशी खगोलनिरीक्षकाने २००१ साली ९ पायऱ्यांची मोजपट्टी काढली. पहिल्या पायरीवर निखळ काळोख, नवव्या पायरीवर शहराचा मध्य. आमच्या डोक्यावर बऱ्यापैकी तारे होते, पण शहराच्या बाजूचं क्षितिज पिवळट उजळलेलं. वीज सोडून आलो ती समोरच ढळढळीत दिसत होती! त्यातून डोळ्यांना काळोख सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. ते सरावत आले की मेव्हणा कपाळावरचा दिवा थेट आमच्या तोंडावर मारून विचारायचा, "दिसतंय का काही?"

दिवसभर ऐकू न आलेला हमरस्ता रात्री तंबूत आला. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार झाली, की वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. कुठला ट्रक चढावर गिअर बदलतोय, हे मी झोपल्या झोपल्या सांगू शकत होतो. झोपल्या झोपल्या हे म्हणायला. स्लीपिंग बॅगचं अस्तर पाठीखाली चेपलं की त्याची ऊब संपते, आणि साध्या हवेच्या गादीतली हवा आपल्या अंगची उष्णता इमानेइतबारे जमिनीला पोचती करते. थंडी लागते म्हणून मेव्हण्याने तंबूचे झरोके बंद केले. तीन माणसांच्या रात्रभरच्या श्वासातली वाफ कापडाला थिजली आणि पहाटे थेंबाथेंबाने कपाळावर परत आली. "पाणीपुरवठा सुरू झाला वाटतं," बायको म्हणाली.

उजाडलं तशी शेजारच्या तंबूतले गृहस्थ रिकामी बाटली घेऊन आले. "आमचं पाणी संपलंय हो. थोडं मिळेल का?"

मी कॅनला टेकून बसलो होतो. उठलो नाही.

"माणसं किती?" मी विचारलं.

"चार."

"दुपारनंतर या. आत्ता साहेब नाहीत."

गृहस्थ सवयीने "बरं" म्हणाले आणि निघालेसुद्धा.