डेकची सरासरी बघू नका, स्वस्त चार पत्त्यांची बेरीज बघा

क्लॅश रोयाल या आठ पत्त्यांचा डेक घेऊन खेळायच्या मोबाइल गेमच्या कुठल्याही ग्रुपवर 'डेक रेट करा' म्हणून जो स्क्रीनशॉट पडतो, तो साधारण असाच असतो: पेक्का, मेगा नाइट, विझार्ड, विच, प्रिन्स, बलून, इलेक्ट्रो विझार्ड आणि फायरबॉल. आठही पत्ते एकेकटे भारी. पण ही पंगत अशी आहे की सगळे बासुंदी वाढायला उभे आणि पोळी आणायला कुणीच नाही.

खाली कमेंट येते, 'सरासरी ५.३ आहे, कमी कर.' म्हणजे एक पत्ता टाकायला सरासरी इतकं एलिक्सिर (खेळात आपोआप भरत जाणारी ऊर्जा) लागतं. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. सरासरी हा फसवा आकडा आहे.

हातात चार पत्ते असतात, चार मागे रांगेत. टाकलेला पत्ता रांगेच्या शेवटी जातो आणि दुसरे चार पत्ते टाकल्याशिवाय परत येत नाही. म्हणजे विन कंडिशन (समोरच्याचा टॉवर पाडायचा मुख्य पत्ता) किती लवकर परत मिळेल हे डेकमधले बाकीचे सगळ्यात स्वस्त चार पत्ते ठरवतात. वरच्या डेकमध्ये विन कंडिशन बलून; तो सोडून स्वस्त चार ४, ४, ५, ५, म्हणजे बेरीज १८. त्यात बलूनचे ५ धरले की २३ एलिक्सिर. साध्या वेळात २.८ सेकंदाला एक एलिक्सिर भरतं, म्हणजे एका बलूननंतर दुसरा यायला किमान ६४ सेकंद.

आता जुना, घासून गुळगुळीत झालेला हॉग २.६ घ्या: हॉग रायडर ४, मस्केटिअर ४, फायरबॉल ४, कॅनन ३, आइस गोलेम २, लॉग २, आइस स्पिरिट १, स्केलेटन्स १. एकूण २१. स्वस्त चारांची बेरीज ६, हॉगचे ४ धरून १०, म्हणजे २८ सेकंद. समोरच्याचा बलून एकदा परत येईपर्यंत तुमचा हॉग दोनदा जाऊन येतो. अर्थात हे सगळं पत्ते लागतील तसे हातात आले तर. डिफेन्सला एलिक्सिर गेलं की वेळ वाढतोच.

खरी गंमत एखादा पत्ता बदलताना दिसते. कॅनन काढून इन्फर्नो टॉवर (५) टाका. सरासरी २.६ वरून २.९ होते, लोक ओरडतात. पण स्वस्त चार तेच राहतात, बेरीज ६, हॉगचा वेग जसाच्या तसा. उलट आइस स्पिरिट काढून इलेक्ट्रो विझार्ड (४) घेतला की सरासरी ३.० होते, फार काही वाटत नाही. पण आता स्वस्त चार १, २, २, ३. बेरीज ८, आणि हॉग ३४ सेकंदांवर. 'स्पिरिट काय कामाचा, एक एलिक्सिरचा फालतू पत्ता' म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडावं.

गोलेमवाल्यांचं ऐकून घेतो. गोलेम, नाइट विच, बेबी ड्रॅगन, लंबरजॅक, मेगा मिनियन, टोर्नेडो, बार्बेरियन बॅरल, लाइटनिंग: स्वस्त चारांची बेरीज १२, तरी डेक चांगला. कारण तिथे गोलेम वारंवार लागतच नाही, एकच पुश (मोठा एकत्रित हल्ला) पुरतो. म्हणून हा आकडा दोन वेगळ्या जातीच्या डेकची तुलना करायला वापरू नका. आपल्याच डेकमध्ये बदल करताना काय गमावतोय, ते बघायला वापरा. आणि गोलेम पहिल्याच मिनिटात टाकू नका. १० एलिक्सिर असताना टाकला तरी हातात २ उरतात, समोरचा दुसऱ्या लेनमधून (बाजूच्या रस्त्याने) हॉग सोडून टॉवर घेऊन जातो. डबल एलिक्सिर (एलिक्सिर दुप्पट वेगाने भरायचा काळ) सुरू होऊ द्या.

स्पेल (जादूचा पत्ता) एक छोटा, एक मोठा, यावर वाद नाही. वाद छोटा कुठला यावर. लॉग गॉब्लिन बॅरल साफ करतो, पण हवेतल्या बॅट्सना हात लावत नाही. झॅप बॅट्स मारतो, इन्फर्नोचा किरण तोडतो, पण समान लेव्हलच्या गॉब्लिन्सना जेमतेम जिवंत सोडतो. अ‍ॅरोज बॅट्स आणि गॉब्लिन्स दोन्ही मारतात, पण ३ एलिक्सिरला. म्हणजे हॉग डेकमध्ये लॉगऐवजी घेतले तर बेरीज ७.

बिल्डिंग (कॅनन, इन्फर्नो टॉवरसारखा पत्ता) नदीपासून तीन-चार चौकटी मागे, दोन टॉवरच्या मधोमध ठेवा. टॉवरला चिकटवून ठेवली की हॉग तिच्याकडे वळतो खरा, पण समोरच्याचा एकच फायरबॉल दोघांनाही भाजतो.

पत्त्यांची लेव्हल वाढवायला लागणारं सोनं आठही पत्त्यांवर सारखं उधळू नका. एका लेव्हलला साधारण १० टक्के ताकद वाढते, पण सगळीकडे तिचा उपयोग सारखा नाही. समान लेव्हलचा फायरबॉल मस्केटिअरला थोडक्यात जिवंत सोडतो, एक लेव्हल वरचा मारतो. झॅप आणि गॉब्लिन्सचंही तेच. म्हणून आधी स्पेल आणि विन कंडिशन. स्केलेटन्स शेवटी, ते एका फटक्यात मरायचे ते मरणारच.

पुढचा स्क्रीनशॉट टाकताना खाली ती चार पत्त्यांची बेरीजही लिहा. मग रेट करतो.