खुलासा : मग्दालीया मरीयेबद्दलचा मेसेज

‘मग्दालीया मरीया वेश्या होती, येशूने तिला क्षमा केली’ असा मेसेज येशूची अनुयायी असलेल्या मरीयेबद्दल फिरतो आहे. मीही तो पुढे पाठवला होता, चूक माझीच. बायबलमध्ये असं कुठेही नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, आठव्या अध्यायात तिच्यातून सात भुतं निघाल्याचा उल्लेख आहे. त्याच्याच सातव्या अध्यायात येशूचे पाय आसवांनी भिजवणारी पापी स्त्री निनावी आहे. पोप पहिले ग्रेगरी यांनी ५९१च्या सुमारास एका प्रवचनात दोघींना एकच मानलं. १९६९च्या नव्या कॅथलिक पंचांगात (संतांच्या सणांच्या यादीत) ही गल्लत दूर झाली. क्षमेची गोष्ट मात्र खरीच. ‘तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे’ हे येशूने त्या निनावी बाईला म्हटलं. तिला मिळालेली क्षमा मरीयेच्या नावावर घालू नका. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.