‘ठिबकला ८० टक्के कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ठिबक आणि शेततळ्यांच्या अनुदानावरच्या लेखावर तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: संच शेतकऱ्याच्या रानात बसतो, उत्पन्न त्याचं वाढतं, मग ८० टक्के भार करदात्याने का सोसायचा? एवढं करून भूजल वाढलेलं दिसत नाही, म्हणजे पैसे पाण्यातच गेले. त्यापेक्षा तीच रक्कम रोख द्यावी.

आधी त्या ८० टक्क्यांचं बघू. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’मधून अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ आणि इतरांना ४५ टक्के मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेची भर पडून ते ८० आणि ७५ होतात. पण हे टक्के दुकानदाराच्या बिलावर नाहीत, सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर आहेत. बिल त्याच्या वर गेलं की वरचा सगळा बोजा शेतकऱ्याचा. शिवाय पैसे मागाहून येतात. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, पूर्वसंमती, खरेदी, बिल चढवणं, रानात येऊन होणारी मोका तपासणी आणि मग आधार जोडलेल्या खात्यात रक्कम. तोवर फिल्टरपासून शेवटच्या एंड कॅपपर्यंत सगळं बहुतेकांना पदरमोड करून किंवा उसनवारीने घ्यावं लागतं. ज्याच्या हातात पैसा खेळतो तो निभावतो. दोन एकरवाला व्याजाने पैसे काढतो, नाहीतर अर्जच करत नाही. ज्याच्यासाठी ८० टक्के ठेवले तोच बाहेर राहतो, याची मला खरी चीड आहे.

आता करदात्याने का द्यायचं? बांधबंदिस्ती घ्या. वरच्या रानात कंपार्टमेंट बंडिंग केलं, म्हणजे बांध घालून रानाचे कप्पे पाडले, की पाणी जागेवर मुरतं, खालच्या विहिरींना पाझर लागतो, ओढ्यातून धरणात जाणारा गाळ कमी होतो. बांधाखाली जमीन अडकते ती मात्र वरच्याची. पाच-दहा गुंठ्यांनी हिशेब करणाऱ्या माणसाला खालच्या गावांसाठी हे सगळं एकट्याच्या खर्चाने कर म्हणणं मला न्यायाचं वाटत नाही. खालच्यांचा फायदा होतो, तर खालच्यांनी वाटा उचलावा. तो कररूपानेच उचलला जातो.

पाणी वाचत नाही हा तुमचा मुद्दा मात्र मला पटतो, आणि तो तुम्ही मांडलात त्याहून गंभीर आहे. अमेरिकेतल्या कान्सासमध्ये ओगलाला भूजलसाठ्यावर शेती चालते. तिथे सरकारने खर्चात वाटा उचलून तुषार संचांचे नोझल पिकालगत खाली आणायला मदत केली, म्हणजे पाणी हवेत उडून जाणार नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं ते उलटंच. उपसा वाढला होता, कारण शेतकरी जास्त पाण्याची पिकं घेऊ लागले आणि ओलिताखालचं क्षेत्रही वाढलं. आपल्याकडे वेगळं काय घडतं? ठिबकने एकराचं पाणी वाचलं की शेजारचा कोरडवाहू तुकडा ओलिताखाली येतो. त्या शेतकऱ्याला दोष देता येत नाही, त्याच्या जागी कुणीही तेच करेल. पण विहिरीतून पाणी तेवढंच निघतं.

शेततळ्यांचं तर डोळ्यांना दिसतं. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत ५० हजारांपर्यंत अनुदान होतं. कल्पना साधी: पावसाचं वाहून जाणारं पाणी तळ्यात धरायचं आणि खंड पडला की कोरडवाहू पिकाला एक-दोन संरक्षित पाणी द्यायचं. डाळिंब-द्राक्षाच्या पट्ट्यात आज काय दिसतं ते जाऊन बघा. सपाट रानात चारी बाजूंनी उंच भराव, आत काळा प्लास्टिकचा कागद आणि काठावरून आत सोडलेला बोअरचा पाइप. पावसाचं पाणी आत यायची वाट, म्हणजे इनलेटच नाही. असलाच तर त्याच्या दगडांवर गवत वाढलंय, कारण तिकडून पाणी कधी आलेलंच नाही. गावाच्या जमिनीखालचं सामाईक पाणी उपसून एकाच्या कागदात साठवलं जातं, त्यातलं उन्हाने उडतं ते वेगळंच, आणि शेजाऱ्याची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. अशा तळ्याला सरकारी पैसा अजिबात मिळू नये. पावसाचं पाणी वाहून तळ्यात येईल असं पाणलोट दाखवा, मग कागदाच्या अस्तरीकरणाचं अनुदान घ्या, एवढी अट घालणं अवघड नाही.

ठिबकचं अनुदान अल्पभूधारकाला राहावं, पण सरकारचा हिस्सा थेट विक्रेत्याला जावा आणि शेतकऱ्याने फक्त आपला २० टक्के वाटा भरावा. त्याचबरोबर गावाने पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आलं आणि किती लागेल याचा हिशेब, मांडावा. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाऊस मोजून, ताळेबंद मांडून पिकं ठरवतं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हा नियम गावाने स्वतःच घालून घेतलाय. तिथे वाचलेलं पाणी खरंच जमिनीत राहतं.

रोख रकमेची सूचना मात्र मला मान्य नाही. मृगाच्या तोंडावर हातात आलेला पैसा बियाण्या-खतात जातो, आणि त्या वेळी जायलाच हवा. बांध पुढच्या वर्षावर ढकलला जातो, पुढच्या वर्षी पोरीचं लग्न निघतं किंवा विहिरीची मोटर जळते, आणि रानाची वरची माती दर पावसाळ्यात ओढ्याने जातच राहते.