खुलासा : ‘ते’ निसर्गचित्र सोंग काळातले नाही

धुक्यात बुडालेले हिरवे डोंगर, मध्येच एखादा मंडप आणि कडेला लाल शिक्का अशी एक प्रतिमा ‘चीनमधील सोंग राजवटीतले (दहावे ते तेरावे शतक) दुर्मिळ निसर्गचित्र’ या ओळीसह सध्या फिरते आहे. गेल्या आठवड्यात मीही ती खातरजमा न करता पुढे पाठवली होती.

प्रत्यक्षात ते रंगवलेले चित्र नसून बीजिंगचे छायाचित्रकार याओ लू यांच्या ‘नवी निसर्गदृश्ये’ या मालिकेतील छायाचित्र आहे. प्रतिमा मोठी करून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले, की डोंगरावरची हिरवळ म्हणजे बांधकामाचा राडारोडा आणि कचऱ्याचे ढीग झाकणारी, धूळ उडू नये म्हणून अंथरलेली प्लॅस्टिकची जाळी आहे. तिच्या चुण्या स्पष्ट दिसतात, आणि पायथ्याशी हेल्मेट घातलेला एक कामगारही उभा आहे. त्यानंतर मालिकेतील प्रकाशित छायाचित्रांशी ती ताडून पाहिली.

वेगवेगळे फोटो संगणकावर जोडून, त्यांत धुके मिसळून याओ लू यांनी जुन्या शानश्वे, म्हणजे डोंगर-पाण्याच्या चित्रपरंपरेचा आभास मुद्दाम निर्माण केला आहे, त्यामुळे फसगत होणे स्वाभाविकच (किंबहुना क्षणभर फसावे, हीच त्यातली योजना). ‘हे एआयने बनवले’ हा दुसरा दावाही चुकीचा आहे, कारण या कामाला 2008 मध्येच बीएमडब्ल्यू–पॅरिस फोटो पुरस्कार मिळाला होता.

माझा आधीचा संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास तिथे ही दुरुस्ती जोडावी.