‘विडी ओढायला जायचं कुठे?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

घरातल्या विडी-सिगारेटच्या धुरावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. वडील आयुष्यभर घरात विडी ओढायचे, आई चुलीपुढे बसायची, तरी तुम्ही पाचही भावंडं धडधाकट आहात. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याने विडी शिलगवायला जायचं कुठे? आणि असलं वाचून उद्या सुना सासऱ्यांना दाराबाहेर काढतील.

तुम्ही सगळे ठणठणीत आहात हे वाचून बरं वाटलं. पण एका घरावरून हे ठरवता येत नाही, हजारो घरं वर्षानुवर्षं पाहावी लागतात. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी तेच केलं. सिगारेट न ओढणाऱ्या, चाळिशीपुढच्या ९१,५४० विवाहित बायकांची १४ वर्षं नोंद ठेवून १९८१ साली त्यांनी निष्कर्ष छापले. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोचा फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका जास्त. सिगारेट कंपन्या या अभ्यासावर तुटून पडल्या, तरी पुढे इतर देशांतही हेच दिसत गेलं. आणि चुलीचा धूर घातकच, म्हणून तर गॅस घरोघरी पोचवायची धडपड चालली. त्यात विडीचा धूर मिसळला की भर पडते, फिटंफाट होत नाही.

खोलीचा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि म्हणूनच त्यावर मला जास्त बोलायचंय. खोली जितकी लहान, तितकं बाईचं आणि पोरांचं नुकसान मोठं. ओढणारा तोंडातून धूर सोडतो तो थोडा. खोलीत साठतो त्यातला बहुतेक धूर दोन झुरक्यांच्या मधे, नुसत्या जळत्या टोकातून येतो, आणि तो जास्त विषारी असतो. पंख्याने तो खोलीभर फिरतो. खिडकीत उभं राहिलं तरी वाऱ्याबरोबर आत येतोच. या धुराचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख डॉक्टरांच्या, २००६च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय. आपण मिनिटाला बारा-सोळा वेळा श्वास घेतो, तान्हं बाळ तीस-चाळीस वेळा किंवा त्याहूनही जास्त. छातीत घरघर, बाळदमा, सारखे कान फुटणं, झोपेतच अचानक दगावणं, या सगळ्यांचा धोका वाढतो. आई गरोदर असेल तर निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड वारेतून गर्भापर्यंत जातात आणि बाळ कमी वजनाचं जन्मण्याची भीती असते.

तेव्हा जायचं कुठे, तर खाली, जिना उतरून मोकळ्यावर. चाळीच्या गॅलरीतही नको, तिथून धूर शेजारच्या चार घरांत शिरतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे जड जाईल, कबूल. पण बाळंतीण सव्वा महिना त्याच खोलीत, त्याच खाटेवर असते. तिला तर उठून जायचीही सोय नाही.

आता सुनेचं. तिने सासऱ्यांना काही बोलावं, अशी माझी अपेक्षाच नाही. २ ऑक्टोबर २००८पासून हॉटेलात, कचेरीत धूम्रपानाला बंदी आहे, म्हणजे तिथल्या वेटरला कायद्याचा आधार आहे. उंबरठ्याच्या आत तो कायदा येत नाही. म्हणून बोलायचं ते मुलाने, बापाशी, शांतपणे. मुलगाच ओढत असेल तर त्याच्या आईने. आशाताईंनी घरभेटीत, डॉक्टरांनी लस द्यायला बाळाला घेऊन आलेल्या बापाला समोर बसवून. आणि काका, तुमच्या वयाच्या माणसांनी कट्ट्यावर. तुमचं ऐकतात लोक. घरं बदलतात: २००९-१०च्या देशव्यापी पाहणीत ५२ टक्के प्रौढांना घरात हा धूर लागत होता, २०१६-१७ला ते प्रमाण ३८.७ टक्क्यांवर आलं.

तुमच्या ओळखीत कुणाला विडी-सिगारेट सोडायचीच असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत फोन नंबर त्यांना द्या. पलीकडे समुपदेशक असतात.